हट्टी मूल, परसातली बदके आणि शेततळे

बालहट्टापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. दवाखान्यात ताप, खोकला, जुलाब अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पालकांची आणखी एक तक्रार असते, ती मात्र केसपेपरवर येत नाही. तपासून होते, औषध लिहून होते, आणि उठता उठता सोबत आलेली आजी हळूच म्हणते, "डॉक्टरसाहेब, पोरगं लई हट्टी झालंय बघा. हट्ट कमी होईल असं एखादं टॉनिक द्या की."

असे टॉनिक नाही. हट्टी मुलाला गप्प करणारे औषध मागूही नये आणि कोणी दिले तर घेऊही नये. पण अशा मुलाला उपयोगी पडेल असे एक साधन पुष्कळ घरांच्या परसात असते. ते म्हणजे पाळलेली चार पाखरे. आपल्याकडे गावरान कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बदके त्या मानाने कमी, पण दारात किंवा शेतात पाण्याची सोय झाली की हौसेने बदकांची जोडी आणणारी कुटुंबे भेटतात. बदके आणि हट्टी मूल एकाच घरात असतील तर लाभ काय आणि धोका कोणता, याचा आज विचार करू.

हट्ट हा आजार नव्हे

मुले जन्मतः सारख्या स्वभावाची नसतात. न्यूयॉर्कमधील डॉ. अलेक्झांडर थॉमस आणि डॉ. स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना सुमारे 40 टक्के मुले सहज वळणारी आढळली, सुमारे 15 टक्के मुले नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आढळली, आणि सुमारे 10 टक्के मुले सांभाळायला अवघड आढळली. उरलेली मुले कोणत्याही एका गटात बसली नाहीत. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा, की मूल अवघड आहे एवढ्याने काही बिघडत नाही. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांची वागणूक यांचा मेळ बसला नाही, तर बिघडते. म्हणजे आपले मूल हट्टी निघाले हा आईचा दोष नाही आणि मुलाचाही नाही.

दीड ते चार वर्षांच्या वयात तर हट्ट हा वाढीचाच भाग असतो. 'मी' आणि 'माझे' हे मुलाला नुकतेच कळू लागलेले असते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसे मारून-दटावून हट्ट दाबला तरी तो दुसऱ्या वाटेने बाहेर येतो.

मात्र काही गोष्टी डॉक्टरांना जरूर दाखवाव्यात. मूल माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, फिकट दिसत असेल, सतत किरकिरत असेल तर रक्तक्षय असू शकतो. रडता रडता श्वास रोखून निळे पडणाऱ्या मुलाला घरचे 'फार रागीट' म्हणतात. अशा मुलांतही अनेकदा लोहाची कमतरता आढळते आणि लोहाच्या औषधाने हे झटके कमी होतात. हाक मारल्यावर न ऐकणारे मूल हट्टीच असेल असे नाही, त्याला ऐकू कमी येत असू शकते. पुरेशी झोप न मिळालेले आणि जेवतानाही मोबाईल हातात असणारे मूल चिडचिडे होणारच. अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नये.

पाखरू कोणाचे ऐकत नाही

आमच्या माहितीतील एका शेतकरी कुटुंबात सहा वर्षांचा मुलगा आहे. 'नको' हा त्याचा आवडता शब्द. आंघोळ नको, शाळा नको, भाकरी नको. वडिलांनी बाजारातून बदकाची सहा पिल्ले आणली आणि दुसऱ्याच दिवशी मुलाने हट्ट धरला की पिल्लांना आत्ताच्या आत्ता पाण्यात पोहायला सोडायचे. आईने त्याला कारण सांगितले. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या अंगावर पिसे येईपर्यंत ती भिजली की गारठतात आणि दगावतात. त्यांना प्यायला पाणी हवे, चोच आणि डोळे बुडतील एवढे, पण पोहायला नको. मूल रडले, लोळले. आईने ना मार दिला ना गोळी-बिस्किटाचे आमिष दाखवले. रडणे ओसरल्यावर तिने विचारले, "त्यांचं पाणी तू बदलतोस का, कण्या तू टाकतोस?" त्याने कण्या निवडल्या.

हट्टी मुलाला हुकूम सोसत नाही, पण निवड करता आली की ते खुलते. 'दूध पी' म्हणण्यापेक्षा 'पेल्यात हवे की वाटीत?' असे विचारावे. दोन्ही पर्याय आपल्याला चालणारे असावेत आणि ते दोनच असावेत.

पाखरांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. बदक रागाला भीत नाही आणि लाडाला भुलत नाही. मागे धावले की ते पळते, शांत बसून दाणे टाकले की जवळ येते. मोठ्यांनी शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते बदक चार दिवसांत पटवून देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागड्या खेळण्यांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले असे परिसरातलेच साहित्य मुलांच्या हाती दिले होते. परसातली पाखरे त्याच जातीची.

या घरात संध्याकाळी बदके खुराड्यात घेऊन कडी लावण्याचे काम मुलाने आपणहून मागून घेतले. काही आठवडे नीट गेले. एका संध्याकाळी कडी राहून गेली आणि सकाळी एक बदक नव्हते. मागे फक्त पिसे होती. मुंगूस असेल नाहीतर रानमांजर. मूल दिवसभर जेवले नाही. आजी म्हणाली, लगेच दुसरे आणून द्या. आईने तसे केले नाही आणि 'तुझ्यामुळे मेले' असेही म्हटले नाही. "कडी राहिली, म्हणून जनावर आत शिरलं. आजपासून तू लाव, मी बघत जाईन," एवढेच ती बोलली. वास्तविक सहा वर्षांच्या मुलाच्या कामावर मोठ्यांची नजर हवीच; जबाबदारी द्यावी, पण शेवटची खात्री आपण करावी. मूल रडले तर रडू द्यावे. गेलेल्या जिवासाठी रडणे हा हट्ट नव्हे.

तीन ठिकाणी तडजोड नाही

हट्टी मुलाच्या घरात नियम थोडे असावेत. रोज पन्नास वेळा 'नाही' म्हणणाऱ्या घरात एकाही 'नाही'ला किंमत राहत नाही. बाकी ठिकाणी मुलाचे चालू द्यावे, पण तीन गोष्टींत आई, वडील, आजी, आजोबा या सर्वांचे उत्तर एकच असले पाहिजे.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्या जिल्ह्याला शेततळ्यांनी मोठा आधार दिला आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामामुळे, शेततळ्यांमुळे आणि द्राक्षबागांमुळे राज्यभर ओळखले जाते. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे मुलासाठी विहिरीइतकेच घातक असते. कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले की मोठ्या पोहणाऱ्या माणसालाही उतारावरून वर चढता येत नाही. अशा तळ्यात बदके सोडली की ती मधोमध जाऊन बसतात आणि 'माझी बदके' परत बोलवायला हट्टी मूल काठावर उतरते. म्हणून लहान मूल असलेल्या घराने बदके शेततळ्यात सोडूच नयेत. त्यांना परसात घमेले किंवा उथळ टोपले पुरते. तळ्याला कुंपण आणि बंद होणारे फाटक करावे. काठावरून पाण्यापर्यंत गाठी मारलेले दोर कायमचे बांधून ठेवावेत आणि हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी. रांगत्या मुलाला तर वीतभरही पाणी नको. दोन इंच पाण्यातही ते बुडू शकते. घमेल्यातले पाणी रोज ओतून पपईला, कढीपत्त्याला घालावे, म्हणजे डासही होणार नाहीत.

दुसरी गोष्ट हातांची. बदके आणि कोंबड्या धडधाकट दिसल्या तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, ताप, पोटात मुरडा होतो आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलाच्या हातात पिल्लू देऊ नये. त्याने लांबून दाणे टाकावेत. मोठ्या मुलानेही पिल्लाचा मुका घेऊ नये. पाखरांना, खुराड्याला किंवा अंड्यांना हात लागला की साबणाने हात धुवायचेच. खुराडे स्वयंपाकघरापासून दूर असावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे मोठे पाकीट मिसळून घोट घोट पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. दोन्हीकडे लहान, चहाचा चमचा धरावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक द्यावे. शौचात रक्त, जोराचा ताप, सुस्ती किंवा लघवी बंद झाल्यास मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे.

तिसरी गोष्ट अंड्याची आणि आजारी पाखराची. बदकाचे अंडे साधारण 70 ग्रॅमचे, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे आणि पौष्टिक. पण ते कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले कधीही देऊ नये. पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट झाले पाहिजे. कोंबडीच्या अंड्याने अंगावर गांधी उठणाऱ्या मुलाला बदकाचे अंडेही देऊ नये. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणे बदकांना घालू नयेत. त्यातल्या विषाने बदके लवकर दगावतात, आणि तेच विष आपल्या यकृतालाही घातक असते. जे बदकाला चालत नाही, ते मुलाच्या ताटातही नको.

महाराष्ट्रात बर्ड फ्लूची मोठी साथ 2006 मध्ये नवापूरला आली. 2021 च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, तेव्हाही तोच रोग निघाला. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. 2021 मध्ये हरियाणातील एका मुलाचा त्याने मृत्यू झाला. बदकांचे वैशिष्ट्य असे, की हा विषाणू अंगात असूनही ती कधी कधी निरोगी दिसतात. म्हणून बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत. एकाएकी पाखरे मरू लागली तर मेलेल्या पाखराला मुलाने हात लावायचा नाही, मोठ्यांनी ते उकिरड्यावर फेकायचे नाही, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचे.

बुडालेल्या मुलासाठी

पोहता येत नसेल तर पाण्यात उडी टाकू नका. दोर, धोतर, साडी, बांबू, ट्यूब जे हाताशी असेल ते टाका. मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन फिरवणे, पोट दाबणे यात लाखमोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर सपाट जागेवर निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी, छातीची जाडी एक तृतीयांश दबेल असा 30 वेळा दाब, मग दोन श्वास, असे थांबू न देता चालू ठेवा. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120 असावा. दुसऱ्या कोणाला 108 क्रमांकावर फोन करायला सांगा. मूल शुद्धीवर आले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच लागते, कारण फुप्फुसातल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो.

पालकांनी स्वतःसाठी एक पथ्य पाळावे. जमिनीवर लोळणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी एकदा जरी मागितलेली वस्तू दिली, तर पुढच्या वेळी ते दुप्पट लोळते. मूल सुरक्षित जागी आहे एवढे पाहून शांत राहावे आणि वादळ ओसरल्यावर जवळ घ्यावे. उलट, न सांगता हात धुतले, कडी लावली, तर त्याच क्षणी शाबासकी द्यावी. हट्टी मुलाकडे चिकाटी असते; मोठेपणी तिलाच आपण जिद्द म्हणतो.

आज संध्याकाळी घरातल्या सर्व मोठ्यांनी एकत्र बसून आपल्या घरचे तीन नियम ठरवावेत आणि ते मुलाला त्याच्या भाषेत सांगावेत. शेतात तळे असेल तर दोर बांधायला मात्र उद्याची सकाळ चुकवू नये.