आपला नेहमीचाच सरडा, मग शास्त्रज्ञांना तो ‘नवीन’ कसा? प्रजातीचा शोध कसा लागतो, वाचा सविस्तर

सह्याद्रीत नवीन पाल सापडली, नवीन बेडूक सापडला, अशा बातम्या अधूनमधून मोबाईलवर येतात. फोटो बघून गावातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘अरे, हा तर आपल्या माळावर रोज दिसतो. यात नवीन काय?’

प्रश्न बरोबर आहे. तो जीव आपल्या पणजोबांच्याही आधीपासून तिथंच आहे. नवीन असते ती विज्ञानाच्या दप्तरातली त्याची नोंद. भावकीत जमीन वर्षानुवर्षं वेगवेगळी कसली जाते, पण सातबाऱ्यावर गट एकच असतो. मोजणी होऊन फोड झाली की वेगळा नंबर पडतो. प्रजातीचंही तसंच आहे.

चाळकेवाडीचा रुबाबदार सरडा

सातारा जिल्ह्यातलं चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांमुळं सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात इथं दगडावर चढून एक सरडा गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो आणि मिटतो. हा नर असतो. मादीचं लक्ष वेधायला आणि दुसऱ्या नराला आपली हद्द कळवायला त्याचा हा खटाटोप चालतो.

२०१६ मध्ये अभ्यासकांनी ही वेगळी प्रजाती असल्याचं जाहीर केलं. शिवाय ती ज्या गटात मोडते त्या गटालाही नवीन नाव दिलं, आणि ते थेट मराठीतून उचललं, ‘सरडा’! या प्रजातीचं पूर्ण शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. सुपर्बा म्हणजे रुबाबदार, देखणा. आपल्या बोलीतला शब्द आता जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत गेला आहे.

वेगळी प्रजाती कशी ठरते?

नुसता रंग बघून काही ठरत नाही. एकाच जातीचा बेडूक पिवळाही असतो आणि तपकिरीही. म्हणून बारीक मोजमाप करतात. डोकं, पाय, बोटं यांची लांबी मिलिमीटरमध्ये घेतात. साप, पाली, सरडे यांचे खवले भिंगाखाली एकेक करून मोजतात. बेडकाचा आवाज रेकॉर्ड करतात. प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी असते आणि मादी आपल्याच जातीच्या हाकेला जाते. त्यामुळं दिसायला सारखे असलेले दोन बेडूक आवाजावरून वेगळे ओळखता येतात. त्यानंतर डीएनए तपासतात.

मग हे सगळं जुन्या नमुन्यांशी ताडून बघतात. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पुण्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र अशा ठिकाणी जुने नमुने जपून ठेवलेले आहेत. फरक पक्का ठरला की शोधनिबंध लिहितात आणि दुसरे तज्ज्ञ तो तपासतात. एक नमुना कायमचा ‘मूळ नमुना’ म्हणून ठेवला जातो. पुढं वाद झालाच तर त्याच्याशी ताडून बघतात. या कामात कधीकधी वर्षं जातात.

नाव देणारा स्वतःचं नाव देत नाही, असा संकेत आहे. गावाचं, नदीचं, गुणाचं किंवा दुसऱ्या कुणाचं नाव देतात. आंबोलीत सापडलेल्या एका देवगांडुळाला २००३ मध्ये जे. सी. डॅनिअल या अभ्यासकाचं नाव दिलं. कोयनेच्या जंगलातल्या एका मांजऱ्या सापाला २०१९ मध्ये तेजस ठाकरे यांचं नाव मिळालं.

नाव पडून उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. नोंदच नसेल तर तो जीव किती उरलाय, कुठं उरलाय, हे कोण मोजणार? आंबोलीच्या एका छोट्या भेकाचं उदाहरण घ्या. त्याच्या अंगावर बाजूनं वाघासारखे पिवळे पट्टे असतात. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं. तो आंबोली परिसरातच आढळतो. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात तो अंडी घालतो. म्हणजे तेवढा कातळ फोडला की पुढची पिढी संपली. जागतिक यादीत आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. नाव नसतं तर बेडकातला एक बेडूक म्हणून निघून गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

चाळकेवाडीच्या सरड्यावरही पुढं अभ्यास झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते आणि सरडे जास्त होते. पण ते हडकुळे होते, आणि गळ्याचा रंगही फिका होता.

गावानं काय करावं?

शेतात राबणाऱ्या, गुरं राखणाऱ्या माणसाला जेवढे जीव दिसतात तेवढे दोन दिवस आलेल्या अभ्यासकाला दिसत नाहीत. त्यामुळं एवढं जमण्यासारखं आहे:

• वेगळा जीव दिसला तर हात न लावता फोटो काढा. तारीख, जागा लिहून ठेवा.

• पकडून बाटलीत भरू नका. नमुना घ्यायला अभ्यासकांनाही वन विभागाची परवानगी लागते.

• खणताना देवगांडूळ निघालं तर साप समजून मारू नका. ते बेडकाच्या नात्यातलं आहे. त्याला विष चढवणारे सापासारखे दात नाहीत. ते मातीतले किडे, गांडुळं खातं.

• पठारावर, सड्यावर वणवा लावू नका. दगडाखाली, गवतात या जीवांची घरं असतात.

• जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. ग्रामसभेत ती मागून बघा. तुमच्या भागातल्या सापा-बेडकांची गावठी नावं, ते कधी आणि कुठं दिसतात, हे त्यात लिहायला लावा. उद्या सड्यावर खाण किंवा रस्ता आला, तर ‘इथं काय आहे’ हे दाखवायला गावाच्या हातात एक कागद तरी असेल.