लाईट गेली तरी संगणकाचा तास होतो!

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एनएसएसमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक शिकवायला जातो. परवा ऐन तासाला लाईट गेली.

मग पुठ्ठ्याची पाच कार्डं काढली. त्यांवर १६, ८, ४, २, १ असे ठिपके. पाच मुलं ओळीत उभी केली.

“एकोणीस दाखवा!” म्हटल्यावर सोळा, दोन आणि एकवाल्यांनी कार्डं वर्गाकडे धरली, बाकीच्यांनी पालथी. दिसणारं कार्ड १, पालथं ०; झालं की बायनरी, १००११! पाच कार्डांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात.

न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांच्या ‘सीएस अनप्लग्ड’मधला हा खेळ, साहित्य मोफत मिळतं.

मुलं सरांना विचारायला बिचकतात, आम्हाला ‘दादा, ३२ कसे दाखवायचे?’ असं बिनधास्त विचारतात. कॉलेजवाल्यांनो, एनएसएसच्या वर्षाच्या १२० तासांतले थोडे शाळेला द्याच.

कार्डांबद्दल काही अडलं तर खाली विचारा.