‘सगळ्यात जास्त’ की ‘पुरेसं’? गार्चॉम्प, ५१० पॉइंट आणि संशोधनाचा प्रश्न



पीएचडीच्या पहिल्या वर्षी आरएसीसमोर मी एक स्लाइड दाखवली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात एकच आकडा होता, माझ्या मॉडेलची अचूकता. मनात म्हटलं, आता कौतुक होणार. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "छान आहे. पण हा आकडा किती आला की पुरे, हे तू आधी ठरवलं होतंस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा जितका मोठा तितकं काम चांगलं, एवढाच माझा हिशोब होता.

गंमत अशी, की त्याच दिवसांत रात्री हॉस्टेलवर मी पोकेमॉनच्या डबल्स मॅचेस खेळायचे आणि तिथे अगदी हीच चूक करून हरायचे. मॅडमचा प्रश्न मला खरा कळला तो गेममध्ये. म्हणून आज एक पोकेमॉन घेऊन सगळं गणित मांडते. गेम खेळला नसाल तरी चालेल, बेरीज-गुणाकार आला की झालं.

खेळ थोडक्यात

मी ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ (२०२२) या गेम्सबद्दल बोलतेय. स्पर्धेतल्या डबल्समध्ये प्रत्येक खेळाडू सहा पोकेमॉन आणतो, त्यातले चार मॅचसाठी निवडतो आणि मैदानात एका वेळी दोघं उतरवतो. म्हणजे दोन विरुद्ध दोन. सगळे पोकेमॉन लेव्हल ५० वर धरले जातात.

प्रत्येक पोकेमॉनला वाढीसाठी एक बजेट असतं, त्याला एफर्ट व्हॅल्यू म्हणजे ईव्ही म्हणतात. एकूण ५१० ईव्ही, एका गुणाला जास्तीत जास्त २५२. लेव्हल ५० वर पहिल्या ४ ईव्हींना एक पॉइंट मिळतो आणि पुढे दर ८ ईव्हींना एक. म्हणजे २५२ ईव्ही टाकले की त्या गुणात ३२ पॉइंट वाढतात. याशिवाय नेचर नावाची गोष्ट असते. ती बहुतेक वेळा एक गुण १० टक्क्यांनी वाढवते आणि दुसरा तेवढाच कमी करते.

आपला हल्लेखोर आहे गार्चॉम्प: ड्रॅगन आणि ग्राउंड टाइप, मूळ अटॅक १३०, मूळ स्पीड १०२. त्याचा मुख्य वार अर्थक्वेक, ताकद १००. नवीन खेळाडू काय करतो? अटॅकला २५२, स्पीडला २५२, उरलेल्यांतले ४ एचपीला, नेचर जॉली, म्हणजे स्पीड वाढवणारं. मीही तेच केलं. अटॅक १८२, स्पीड १६९, एचपी १८४. कागदावर जबरदस्त.

मग हरत का होते?

डबल्समध्ये वार एकट्याचा नसतो

पहिलं कारण, अर्थक्वेक एकाच वेळी अनेकांना लागतो. असा वार एकाहून जास्त लक्ष्यांवर गेला की प्रत्येकाला पाऊणपट नुकसान होतं. वर तो आपल्या जोडीदारालाही लागतो! म्हणून जोडीदार उडणारा तरी हवा, नाहीतर त्या टर्नला त्याने प्रोटेक्ट करायला हवं.

दुसरं कारण, इन्सिनरोअर. फायर आणि डार्क टाइपचा हा पोकेमॉन डबल्समध्ये सारखा भेटतो. तो मैदानात आला की त्याच्या इंटिमिडेट या क्षमतेमुळे समोरच्या दोघांचाही अटॅक एक पायरी खाली येतो. एक पायरी म्हणजे दोन तृतीयांश. माझे १८२ तिथल्या तिथे १२१ व्हायचे.

आता प्रश्न नीट विचारूया. "माझा गार्चॉम्प किती ताकदवान आहे?" हा प्रश्न नाही, ही नुसती हौस आहे. प्रश्न असा हवा: "इंटिमिडेट लागल्यावरही, दोघांवर जाणाऱ्या अर्थक्वेकने, एचपीला पूर्ण २५२ ईव्ही दिलेला इन्सिनरोअर दोन वारांत नक्की पडतो का?" यात कोण, किती वारांत, कुठल्या परिस्थितीत आणि किती खात्रीने, हे सगळं आलं. असा प्रश्न असला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येऊ शकतं.

गणित

एचपीला २५२ आणि डिफेन्सला शून्य ईव्ही दिलेल्या इन्सिनरोअरचा एचपी २०२ आणि डिफेन्स ११०. लेव्हल ५० साठी नुकसानाचं सूत्र असं: २२ गुणिले वाराची ताकद गुणिले अटॅक, भागिले डिफेन्स, भागिले ५०, अधिक २. त्यानंतर ओळीने गुणक लागतात: पाऊणपट, मग नशिबाचा ८५ ते १०० टक्क्यांमधला एक आकडा, मग स्वतःच्याच टाइपचा वार म्हणून दीडपट, आणि फायरवर ग्राउंड भारी म्हणून दुप्पट. जवळपास प्रत्येक पायरीवर अपूर्णांक कापला जातो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जॉली गार्चॉम्प, इंटिमिडेटनंतर अटॅक १२१: २२ × १०० × १२१ ÷ ११० = २४२०. त्याला ५० ने भागून ४८, अधिक २ म्हणजे ५०. पाऊणपट करून ३७. नशीब सगळ्यात वाईट असेल तर ३१, त्याचे दीडपट ४६, दुप्पट ९२. नशीब सगळ्यात चांगलं असेल तर ११०.

म्हणजे एका वारात ९२ ते ११०, आणि हवेत दोन वारांत २०२. कधी होतं, कधी नाही. पण किती वेळा? नशिबाचे आकडे १६ आहेत आणि सगळे सारख्याच शक्यतेचे. दोन वारांच्या १६ × १६ = २५६ जोड्या होतात. मी त्या सगळ्या मोजल्या. २०२ किंवा जास्त देणाऱ्या जोड्या भरल्या १२७. निम्म्यालाही एक कमी! ज्याला मी माझा भरवशाचा हल्लेखोर म्हणत होते, तो या कामासाठी नाणेफेक होता.

आता फक्त नेचर बदलूया. जॉलीऐवजी अ‍ॅडमंट, म्हणजे अटॅक वाढवणारं. अटॅक २००, इंटिमिडेटनंतर १३३. तीच पायऱ्यांची आकडेमोड केली की कमीत कमी नुकसान १०२ येतं. दोन वार म्हणजे २०४. इन्सिनरोअर पडला, आणि नशीब कितीही वाईट असलं तरी पडला.

खरी मजा इथून पुढे

बहुतेक जण इथे थांबतात. मीही थांबले असते. पण मॅडमचा प्रश्न आठवा: किती असलं की पुरे?

आपल्याला एका वारात किमान १०१ हवेत. सूत्रातून उलट्या दिशेने गेलं तर कळतं, की इंटिमिडेटनंतर अटॅक १२८ असला की बास. म्हणजे आधी १९२. १९१ असेल तर इंटिमिडेटनंतर १२७ उरतात, कमीत कमी नुकसान ९८ वर येतं आणि खात्री जाते. १९२ असेल तर किमान नुकसान १०२, जे २०० ला मिळत होतं तेवढंच. कारण मधले सगळे पॉइंट अपूर्णांक कापण्यात वाहून जातात.

अ‍ॅडमंट नेचरवर १९२ गाठायला १९६ ईव्ही लागतात. म्हणजे २५२ मधले ५६ ईव्ही या प्रश्नापुरते फुकट जात होते. ते एचपीला दिले की एचपी १८४ वरून १९१ होतो. वार तेवढाच खात्रीचा, शरीर सात पॉइंटांनी दणकट. कुठूनही जास्त काही आणलं नाही, फक्त उधळपट्टी थांबवली.

स्पीडचं काय?

कोणी म्हणेल, जॉली सोडलंस तर स्पीड १६९ वरून १५४ वर आला की! बरोबर आहे, किंमत मोजावी लागतेच. उदाहरणार्थ, पूर्ण स्पीडचा जॉली उर्शिफू १६३ वर असतो. आधी तो आपल्या मागे होता, आता पुढे गेला.

पण स्पीडलाही तोच प्रश्न विचारा: कोणाच्या पुढे, आणि कुठल्या परिस्थितीत? जोडीदार म्हणून टॅलनफ्लेम घेतला तर तो उडणारा आहे, अर्थक्वेक त्याला लागतच नाही. शिवाय एचपी पूर्ण असेपर्यंत तो टेलविंड इतरांच्या आधी लावू शकतो. टेलविंड चार टर्न टिकतो आणि आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करतो. मग १५४ चे ३०८ होतात. पूर्ण स्पीडची टिमिड फ्लटर मेन, हातात स्पीड वाढवणारं काही नसताना, २०५ वर असते. गंमत बघा, स्पीडला शून्य ईव्ही दिले तरी अ‍ॅडमंट गार्चॉम्प १२२ वर असतो आणि टेलविंडमध्ये २४४ वर. म्हणजे टेलविंड नक्की लागणार असेल, तर स्पीडमधलेही पुष्कळ ईव्ही मोकळे होतात. पण टेलविंड संपला की १२२ म्हणजे संथच. किती भरवसा जोडीदारावर आणि किती स्वतःवर, हे तुम्हाला ठरवायचंय.

जोडीदाराचं आणखी एक उदाहरण. इंटिमिडेट नसताना जुना जॉली गार्चॉम्प इन्सिनरोअरचं १३८ ते १६४ नुकसान करतो. जोडीदाराने हेल्पिंग हँड दिला की वाराची ताकद दीडपट होते आणि किमान नुकसान २१० वर जातं. एका वारात खेळ खलास. नुसत्या ईव्हींनी हे कधीच जमलं नसतं.

२०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप दक्षिण कोरियाच्या से-जुन पार्कने जिंकली, तेव्हा त्याच्या संघात गार्चॉम्प आणि टॅलनफ्लेम दोघंही होते. पण सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पाचिरिसू, एक छोटीशी खार! तो फॉलो मी वापरून समोरचे वार स्वतःवर ओढून घ्यायचा आणि शेजारचा हल्लेखोर निवांत काम करायचा. डबल्समध्ये हल्लेखोर ‘बांधणं’ म्हणजे त्याच्या शेजारी कोण उभं आहे हेही ठरवणं.

गृहीतकं लिहा, लपवू नका

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझी ‘खात्री’ काही अटींवर उभी आहे. इन्सिनरोअरने डिफेन्समध्ये ईव्ही घातलेले नाहीत. त्याच्याकडे सिट्रस बेरी नाही. असेल तर पहिल्या वारानंतर तो अर्ध्याखाली येतो, ५० एचपी परत मिळवतो आणि माझं गणित कोसळतं. त्याने टेरा वापरून टाइप बदललेला नाही. आणि सगळ्यात मोठी अट, तो दोन वार खात मैदानात बसून राहतो. चांगला खेळाडू तसं करत नाही. तो पार्टिंग शॉट मारून अटॅक आणखी खाली आणतो, बाहेर जातो आणि नंतर परत येऊन पुन्हा इंटिमिडेट लावतो. त्यावर क्लिअर अ‍ॅम्युलेट हा उपाय आहे, तो धरला की समोरचा आपले गुण खाली आणू शकत नाही. पण वस्तू एकच धरता येते, म्हणजे दुसरी कुठली तरी सोडावी लागते.

मग एवढं गणित वाया गेलं का? अजिबात नाही. आता मला माहीत आहे, की माझी खात्री नेमकी कधी मोडते. बेरी खाताना दिसली की मी तिसऱ्या वाराची किंवा जोडीदाराच्या मदतीची तयारी करते. पूर्वी अशा वेळी मी "नशीबच खराब" म्हणून नवीन मॅच सुरू करायचे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर यातून तीन गोष्टी घेऊन जा.

एक, आधी उंबरठा ठरवा. किती नमुने, किती अचूकता, किती मुलाखती ‘पुरे’ आहेत हे प्रश्नावरून ठरतं, हौसेवरून नाही. उंबरठ्याच्या पुढचा प्रत्येक तास दुसऱ्या कामातून कापलेला असतो. तुमचे ५१० ईव्ही म्हणजे फेलोशिपची वर्षं.

दोन, ‘बहुतेक वेळा होतं’ आणि ‘नक्की होतं’ यातला फरक मोजा. १२७ भागिले २५६ हा आकडा मी काढला नसता, तर आजही मी जॉलीच वापरत असते.

तीन, गृहीतकांची यादी निष्कर्षाच्या शेजारी ठेवा. परीक्षकाने शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलीत, तर ती कमजोरी राहत नाही, कामाची मर्यादा होते.

पुढच्या आरएसीत मी स्लाइडवर दोन आकडे लिहिले: हवे होते ते आणि मिळाले ते. दुसरा आकडा गेल्या वेळेपेक्षा लहान होता, कारण वाचलेला वेळ मी डेटा तपासण्यात घातला होता. मॅडमनी या वेळी पुढचा प्रश्न विचारला. आमच्याकडे कौतुक म्हणतात ते हेच.

जाता जाता गृहपाठ: इन्सिनरोअरला सिट्रस बेरी द्या आणि काढा, की इंटिमिडेट लागलेल्या अ‍ॅडमंट गार्चॉम्पला किती वार लागतील. वही-पेन घेऊन करा, कॅल्क्युलेटर नंतर. अपूर्णांक कुठे कापला गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यात वेगळीच मजा आहे.