ट्रॅव्हल ट्रेलरवर जनरेटर न्यायचाय? आधी वजनाचं गणित समजून घ्या

अमेरिकेतल्या कॅम्पिंगचे व्हिडिओ बघताना तुम्हालाही प्रश्न पडला असेल, की जंगलात, विजेच्या खांबापासून कित्येक मैल लांब, हे लोक ट्रेलरमध्ये एसी कसा चालवतात? बहुतेक वेळा उत्तर असतं पोर्टेबल जनरेटर. मी नोकरीनिमित्त अमेरिकेत राहतो आणि आमचा मराठी ग्रुप लाँग वीकेंडला ट्रेलर घेऊन निघतो तेव्हा सामान कुठे लावायचं हे ठरवणं माझ्याकडे असतं. जनरेटर विकत घेणं सोपं आहे. खरा प्रश्न आहे तो ठेवायचा कुठे हा. चला, बघूया.

जनरेटर केवढा लागतो?

उदाहरण म्हणून होंडाचा ईयू२२००आय घेऊ. तो जास्तीत जास्त २२०० वॅट आणि सलग १८०० वॅट देतो. पेट्रोल न भरता वजन साधारण २१ किलो. ट्रेलरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना या मर्यादेत बसतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर खूप जास्त करंट ओढतो. म्हणून लोक एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवतात किंवा दोन जनरेटर पॅरलल जोडतात. दोन मिळून ३६०० वॅट होतात. ट्रेलरचं ३० अँपिअर, १२० व्होल्टचं कनेक्शनही बरोबर तेवढंच घेऊ शकतं.

दोन जनरेटर, पेट्रोल आणि लोखंडी ट्रे मिळून वजन ६० किलोच्या आसपास जातं. हा आकडा लक्षात ठेवा.

जागा १: मागचा बंपर

सगळ्यात सोयीची दिसणारी आणि सगळ्यात धोक्याची जागा. पहिलं कारण म्हणजे बऱ्याच ट्रेलरचा मागचा बंपर ही पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी असते. तिच्यात सांडपाण्याचा पाइप ठेवतात. खड्ड्यांत उसळणारं वजन पेलायला ती बनवलेलीच नसते, त्यामुळे वेल्डिंग तुटू शकतं.

दुसरं कारण बैलगाडीवाल्याला न सांगता कळेल. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर असावा लागतो. त्याला टंग वेट म्हणतात.

समजा ट्रेलर २५०० किलोचा आहे आणि टंग वेट २७० किलो, म्हणजे १०.८ टक्के. चाकांच्या अ‍ॅक्सलपासून हिच ५ मीटर पुढे आणि बंपर ३ मीटर मागे आहे. बंपरवर ६० किलो ठेवले, तर हिचवरचा भार ६० × ३ ÷ ५ = ३६ किलोने कमी होतो. उरले २३४ किलो, आणि एकूण वजन झालं २५६०. टक्केवारी ९.१! हायवेवर वाऱ्याचा झोत आला की असा ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढतो.

डोलायला लागलाच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. स्टीअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा.

जागा २: पुढची ए-फ्रेम

हिचजवळच्या त्रिकोणी सांगाड्यावर ट्रे बोल्टने बसवता येतो. इथे टंग वेट वाढतं, म्हणून हिचची आणि गाडीची मर्यादा तपासा. वळताना ट्रे गाडीला घासत नाही ना, तेही बघा. शिवाय प्रोपेनच्या टाक्या शेजारीच असतात, त्यामुळे इथे जनरेटर फक्त न्यायचा, चालवायचा खाली उतरवून.

जागा ३: पिकअपचा हौदा

माझी पसंती हीच. वजन ट्रकवर येतं आणि ट्रेलरचा तोल बिघडत नाही. फक्त ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड वाचा. माणसं, सामान आणि टंग वेट, सगळं त्यातच मोजलं जातं.

निघण्यापूर्वी

- जनरेटर उभाच ठेवा. आडवा पडला तर तेल सिलिंडरमध्ये जातं.
- इंधनाचा व्हॉल्व्ह आणि टाकीच्या झाकणाचं व्हेंट बंद करा.
- रॅचेट पट्ट्यांनी आवळा, वर चोरांसाठी साखळी आणि कुलूप.
- ट्रेलरच्या आत जनरेटर किंवा पेट्रोल अजिबात नको. वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.
- हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. त्यांच्या 'वे माय ट्रक' अ‍ॅपवरून गाडीत बसूनच वजन करता येतं. अंदाजापेक्षा हे बरं.

पोचल्यावर सगळ्यात महत्त्वाचं

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट लांब ठेवा आणि धुराचं तोंड सगळ्यांच्याच दारं-खिडक्यांपासून उलट दिशेला करा. शेजारच्या तंबूतही कुणीतरी झोपलेलं असतं. ट्रेलरमधला डिटेक्टर बटण दाबून तपासा. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि ९११ ला फोन करा. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा.

आणि हो, कॅम्पग्राउंडवर जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात. बुकिंग करतानाच त्या वाचून घ्या, म्हणजे रात्री एसीच्या भरवशावर राहणार नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी अशी ट्रिप ठरवत असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.