कंपन्या एकत्र आल्या, खरेदी नाही

शीतयुद्ध संपल्यावर संरक्षणखर्चाला कात्री लागली आणि अमेरिकेतले शस्त्रनिर्माते भराभर एकमेकांत विलीन झाले. १९९५ मध्ये लॉकहीड मार्टिन उभी राहिली, १९९७ मध्ये बोइंगने मॅकडॉनेल डग्लस घेतली. त्याच वर्षाअखेर ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या सरकारांनी आपापल्या विमानउद्योगांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. पण जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसने जर्मन कंपनी दासाशी चाललेली बोलणी सोडून मायदेशातल्या जीईसीचा मार्कोनी विभाग घेण्याचं ठरवलं. दुखावलेली दासा फ्रेंचांकडे वळली, स्पेनची कासा त्यांना मिळाली आणि २००० मध्ये ईएडीएस, म्हणजे आजची एअरबस, स्थापन झाली. पुढे २०१२ मध्ये ईएडीएस आणि ब्रिटिश एरोस्पेसची वारसदार कंपनी यांचं विलीनीकरणही बर्लिनच्या विरोधामुळे फिसकटलं. युरोपच्या या काळाचा हिशेब सहसा अशा जुळलेल्या-मोडलेल्या सोयरिकींवरून मांडतात. मला तो अपुरा वाटतो, कारण दुखणं कारखान्यांत कमी आणि सरकारांच्या खरेदीत जास्त आहे.

क्षेपणास्त्रांचंच पाहा. २००१ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच आणि इटालियन विभाग मिळून एमबीडीए झाली. तिचं मिटिऑर सहा देशांनी मिळून मागितलं, म्हणून ते टायफून, राफेल आणि ग्रिपेन या तिन्ही विमानांवर बसतं. विमानं मात्र तीन वेगळी! फ्रान्सला हलकं, विमानवाहू नौकेवर उतरणारं विमान आणि प्रकल्पाचं नेतृत्व हवं होतं; १९८५ मध्ये तो युरोफायटर प्रकल्पातून, म्हणजे ज्यातून पुढे टायफून घडलं त्यातून, बाहेर पडला. परिणाम भारतानेही पाहिला: २०११ मध्ये आपल्या १२६ विमानांच्या निविदेत शेवटी उरले ते टायफून आणि राफेल, युरोपचेच दोन प्रतिस्पर्धी.

संयुक्त खरेदी म्हणजे रखडपट्टी, असा आक्षेप घेतला जातो आणि ए४००एमचा दाखला दिला जातो. २००३ मध्ये करार झालेलं हे मालवाहू विमान २०१३ मध्ये पहिल्यांदा सुपूर्द झालं. तरीही दोष एकत्र मागणीचा नव्हता. प्रत्येक सरकारला पैशाच्या प्रमाणात काम हवं होतं, शिवाय प्रत्येकाच्या अटी निराळ्या. इंजिनही राजकीय दबावाखाली नव्या युरोपीय गटाला दिलं गेलं. सार्वभौमत्वाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. युद्धात सुटे भाग दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नयेत, ही भीती रास्तच आहे. पण प्रत्येकाने मोजक्या संख्येत वेगळं शस्त्र घ्यायचं ठरवलं, तर ते महाग पडतं आणि दारूगोळ्याचा साठाही तुटपुंजाच राहतो. २०१७ मध्ये मॅक्राँ आणि मर्केल यांनी जाहीर केलेलं नवं लढाऊ विमानही नेतृत्व कुणाचं आणि काम कुणाला किती, याच वादात अडकलं. फ्रान्सला ते नौकेवर उतरणारं आणि आपली अण्वस्त्रं वाहणारं हवं. जर्मनीकडे ना विमानवाहू नौका, ना स्वतःची अण्वस्त्रं.