आधी एकच गोळा

महूच्या आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध अँग्लो-इंडियन बाई राहतात. मुले ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. दातांनी तर त्यांच्याही आधी निरोप घेतला. गेल्या हिवाळ्यात बाई दुखण्यातून उठल्या, पण अन्नावरची वासना काही परतेना. काय खावेसे वाटते, असे आम्ही विचारता त्या म्हणाल्या, "बॉल करी आणि पिवळा भात."

नारळाच्या दुधात शिजविलेला हळदीचा भात आणि मसालेदार रश्शात खिम्याचे गोळे, हे अँग्लो-इंडियन घरांतील जुने पक्वान्न. आमच्या स्वयंपाक्यास ते ठाऊक नव्हते. तेव्हा बाह्या सरसावण्याची पाळी आमच्यावर आली! सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले गेले, पाकशास्त्र नव्हे. आम्ही गोळे वळले, उकळत्या रश्शात सोडले आणि मोठ्या उत्साहाने ढवळले. बाईंच्या ताटात गेला तो निव्वळ खिम्याचा रस्सा. त्यांनी दोन घास घेतले, आभार मानले व ताट सारले.

ही फजिती एका मराठी आजींच्या कानी गेली. "फादर, गोळ्यांची आमटी कधी पाहिली नाहीत वाटतं? आधी एकच गोळा सोडायचा. फुटला तर पिठात बेसन घालायचं. आणि चमचा नाही लावायचा, पातेलं हलवायचं!"

हरभऱ्याच्या वाटल्या डाळीला लागू पडणारा हा नियम खिम्यालाही लागू पडतो. बेसनाच्या जागी मात्र शिळा पाव घ्यावा. इटलीतील गृहिणी 'पोल्पेत्ते' करताना हेच करतात: दुधात भिजवून पिळलेला पाव, अंडे, लसूण व किसलेले चीज खिम्यात मिसळतात. पाव ओलावा धरून ठेवतो, म्हणून गोळा मऊ राहतो. आणि थोडक्या मांसात अधिक पाने वाढता येतात. गरिबाच्या घरी ही दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी. शेवयांसारख्या स्पॅगेटीवर हे गोळे रचण्याची चाल अमेरिकेत गेलेल्या इटालियनांची. मायदेशी ते बहुधा निराळेच खातात. आर्तुसी यांनी 1891 साली फ्लोरेन्स येथे आपला विख्यात पाकग्रंथ छापला, त्यातही पोल्पेत्ते आहेत. त्याच वर्षी आमच्या या गावी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, हे जाता जाता.

कोफ्ता हा शब्द 'कुटणे' या अर्थाच्या फारसी धातूपासून आला. येथून जवळच्या मांडूच्या सुलतानांसाठी सुमारे 1500 साली सिद्ध झालेला 'निमतनामा' हा पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात खिमा भरलेल्या समोशांच्या कृती आहेत. तात्पर्य, खिमा माळव्यास नवा नव्हे. 1818 साली इंग्रजांची छावणी पडली, त्याच्या कितीतरी आधीचा तो.

दुसऱ्या खेपेस अर्धा किलो बकऱ्याचा बारीक खिमा घेतला. पावाचे दोन काप, एक अंडे, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालून चिकट होईतो मळला. लिंबाहून लहान गोळे वळले. कांदा-टोमॅटोचा रस्सा खळखळ उकळू लागताच एक गोळा सोडला व श्वास रोखून उभे राहिलो. टिकला! मग बाकीचे सोडले. दहा मिनिटे चमच्यास हात लावला नाही. पुढे मंद आंचेवर नारळाचे दूध घातले.

बाईंनी चार गोळे खाल्ले. पाचवा रात्रीसाठी झाकून ठेवावयास सांगितला, आणि पुढच्या वेळी मीठ थोडे कमी घाला, असेही.