दोष सांगणारा प्रतिध्वनी

माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कोठेतरी चीर. डोळ्यांना न दिसणारा दोष कान सांगतो. सर्किट बोर्डाची पारखही आज ध्वनीच्याच साहाय्याने होते.

बोर्डावरील चिपचे प्लास्टिकचे आवरण हवेतील ओलावा शोषून घेते. सोल्डरिंगच्या भट्टीत सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमानाला त्या ओलाव्याची वाफ होते आणि आतील थर एकमेकांपासून सुटतात. जोडणी शाबूत असल्याने बोर्ड चाचणीत उत्तीर्ण होतो. पुढे वापरात मात्र अचानक बंद पडतो. ही बारीक फट क्ष-किरणांनाही सहसा दिसत नाही.

म्हणून बोर्ड पाण्याखाली ठेवून त्यावर सेकंदाला कोट्यवधी कंपनांच्या श्राव्यातीत लहरी सोडतात. घन पदार्थातून त्या पुढे जातात. हवेच्या फटीवर आदळताच जवळजवळ पूर्णपणे माघारी फिरतात. या प्रतिध्वनींतून संगणक दोषाचे चित्र रेखाटतो.

धातूंतील दोष अशा लहरींनी शोधण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी १९२८ साली मांडली. १९७४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात क्वेट आणि लेमन्स यांनी ध्वनीचा सूक्ष्मदर्शक घडविला.

आम्ही शिक्षकांनी यातून एवढेच घ्यावे: परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या अंतरीही एखादी चीर असू शकते. ती गुणपत्रिकेत दिसत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलावे आणि येणारा प्रतिसाद कान देऊन ऐकावा लागतो.